स्वच्छ फोटो

"दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा," असं माणसांना सांगणारं बटण तिने दाबलंच नाही. छातीला तारा चिकटवल्या नाहीत, ठोके मंद करायची गोळी दिली नाही. काचेपलीकडे टेबलावर माणूस उताणा होता, आणि या टेबलावर आजवर कुणी पडलं नसेल इतका निश्चल होता. काल संध्याकाळीच तो गेला होता.

त्याच्या आईने एकच हट्ट धरला होता. लेकाच्या अंगाला सुरी लावू द्यायची नाही. मग तो कशाने गेला ते शोधायचं तरी कसं? शेवटी एक्स-रेच्या डॉक्टरांनी तोड काढली. देह न उघडता सीटी स्कॅन करायचा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायच्या. हृदय आता औषधाचा रंग पुढे ढकलणार नव्हतं, म्हणून त्यांनी मांडीतून नळी घातली आणि तो पंपाने सोडला. यंत्र चालवायचं काम तिचं.

तिने किरणांची मात्रा वाढवली. आणखी वाढवली. पडद्यावर पिवळी पट्टी उमटली. एवढी मात्रा धोक्याची आहे, नक्की द्यायची का? तिने 'हो' दाबलं. आता धोका कुणाला होता?

एरवी तिचा हात आखडता. किरणं भरपूर दिली की फोटो आरशासारखा येतो, पण त्यातून पुढे कधीतरी भलतंच काही उपटू शकतं. कमी दिली की शरीर वाचतं, पण फोटोवर दाणे उठतात. समोरच्या देहाकडे बघून या दोहोंमधली वाट रोज नव्याने शोधायची, याचाच तिला पगार मिळायचा. डॉक्टर चिडवायचे, "कंजूषपणाचं बक्षीस निघालं तर ते तुलाच." ती नुसती हसायची.

गेल्या महिन्यात हाच माणूस छातीत दुखतं म्हणून आपल्या पायांनी चालत आला होता. आडदांड, बोलका. टेबलावर चढता चढता म्हणाला, "श्वास रोखू की पोट आत घेऊ ते सांगा. दोन्ही एकदम जमायचं नाही." एवढ्या थोराड अंगाला मात्रा चढी लागते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तरी त्या दिवशी तिने ती खाली आणली. अगदी खाली. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "यात शिरा कमी आणि वाळूच जास्त." पण पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा किरणं. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि मोठा अडथळा दिसत नाही, असं लिहून दिलं. माणूस पित्ताचं औषध घेऊन घरी गेला.

टेबल सरकत आत गेलं, बाहेर आलं. पडद्यावर फोटो उमटला.

इतका स्वच्छ फोटो तिने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. श्वास नाही, ठोका नाही, त्यामुळे कुठे पुसटपणा नाही. एकेक शीर कोरून काढल्यासारखी.

डॉक्टरांनी डाव्या बाजूच्या शिरेवर बोट ठेवलं. वरच्याच वळणाला दोऱ्याएवढी वाट उरली होती, आणि तीही बुजलेली. मग त्यांनी शेजारी जुना फोटो उघडला. आता कुठे बघायचं ते माहीत होतं. ती जागा तिथेच होती, वाळूत.



"सही माझीही आहे," डॉक्टर म्हणाले. "मी काही अंग काढून घेणार नाही. पण चौकशीत पहिला प्रश्न तुलाच येईल. एवढ्या देहाला एवढीशी मात्रा? तू काही नवखी नाहीस. कुणी सांगितलं होतं का तसं? असेल तर बोलून मोकळी हो. नाहीतर नोकरी जाईल."

"आधी त्यांच्या आईशी बोलते," ती म्हणाली. "मग सांगते."

म्हातारी बाहेर बाकावर बसली होती. लेकाचा चष्मा मांडीवर घेऊन त्याच्या काचा बोटांनी पुसत होती. पुसून आणखीच डाग पडत होते. ती तिच्या शेजारी जाऊन टेकली. येता येता तिने एक वाक्य मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि कुणावर आळही नव्हता.

"सापडलं?" म्हातारीने विचारलं.

"हृदयाची शीर बंद झाली होती, आई."

"वाटलंच मला. जळली असणार." म्हातारीने चष्म्याची काडी मिटली. "याच्या वडिलांना कॅन्सरात किरणांचा शेक दिला होता तुमच्यासारख्यांनी. कातडी सोलून हातात यायची हो. म्हणून तर त्या दिवशी या दारात तुमचे दोन्ही हात धरले मी. म्हटलं, ताई, माझ्या पोराला कमीत कमी द्या, एवढं ऐका म्हातारीचं. तुम्ही 'बरं' म्हणालात." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आणि आत जाऊन द्यायचं तेवढं दिलंतच ना? खरं सांगा. माझं ऐकलं असतंत, तर आज असता ना तो?"

जुळवलेलं वाक्य जिभेच्या टोकाशी आलं. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"असता, आई," ती म्हणाली. "मी तुमचं ऐकलं नाही."