तीस मेंढरांत दहा

"ही बी माझीच," येडबा म्हणला अन् सहावी मेंढी अलीकडं ढकलली.

दोन्ही डोळ्यानं आंधळा माणूस, गड्यांनो! तीस मेंढरांच्या घोळक्यात गुडघ्यावर बसलेला. कान चाचपायचा, नाकाडावरून बोट फिरवायचा, की झालं, लगीच सांगायचा. आख्खं गाव बघायलंय.

पुरात त्याचा समदा कळप वाहून गेलता. नव्या सरकारनं घरटी दहा मेंढ्या दिल्या. पण येडब्याच्या दारात जिंतूरचे विष्णुपंत साहेब अडले. "आंधळा माणूस कळप कसा राखणार? भावाच्या नावावर लिहितो."

तर भाऊच आडवा आला. रायभान.

"न्हाई साहेब. माझा दादा जल्माचा मेंढका हाय. आठ दिवस द्या. दुसऱ्या वीस मेंढरांत त्याच्या दहा मिसळू. त्याला वळखू नाही आल्या, तर मंग लिवा माझ्या नावावर."

साहेबांनी दहा मेंढ्यांच्या पाठीवर निळीचा ठिपका दिला अन् गेले.

आठ दिवस रायभान दादापशी बसला. एकेक मेंढी त्याच्या हातात द्यायचा. "ही खोकती ती. ही आखूड कानाची." येडब्याची बायको कासाबाई हसायची, "भावजी, आता बारसंच घाला की त्यांचं!"

आज मेंढरं मिसळली ती बी रायभाननंच.

दहावी काढून येडबा उठला. "झाल्या. बघा साहेब."

विष्णुपंतांनी एकेक पाठ बघितली. त्यांचं तोंड उतरलं. "येडबा, यातल्या एकीवरही ठिपका नाही रे. ठिपक्याच्या साऱ्या तिकडंच राहिल्या."

"असं कसं व्हईल? माझा हात चुकत न्हाई!"

"आज चुकला की, पाटील!" मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

रायभान पळत आला. दादाला कवटाळून ढसाढसा रडला. "जाऊ दे दादा. मी हाय न्हवं? माझ्या चुलीवर तुज्या दोन भाकरी कुठं जात न्हाईत."

बायांनी डोळ्याला पदर लावले. साहेबांनी दहा मेंढ्या रायभानच्या नावावर लिवल्या.

येडबा काठी टेकत घराकडं निघाला. कासाबाई मागून चालायली. चालता चालता थांबली.

त्याच्या घामेजल्या पांढऱ्या बंडीवर, पाठीवर, बोटं उमटली होती. दहाच्या दहा. निळी.