क्रांतीचा लाल रंग

"झालं गं, हिरवं झालं!" विजयमालाताई ओरडल्या, आणि इस्लामपुरातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात जो तो क्रांतीच्या टेबलाकडं धावला.

स्क्रीनवर खरंच हिरवी खूण होती. क्रांतीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. प्रोग्राममध्ये कुणीही बदल केला की मशीन आधी त्याच्या चाचण्या घ्यायचं. लाल आलं की काम परत. हिरवं आलं की मर्ज करायचं, म्हणजे लोकांच्या मोबाईलवरच्या ॲपात तो बदल जायचा. क्रांतीच्या वाट्याला कायम लाल. "नावच क्रांती, मग रंग दुसरा कुठला येणार?" असं ऑफिसात रोज कुणीतरी चिडवायचं. तीही हसायची, पण घरी जाताना ते हसू एसटीत चढायच्या आतच उतरलेलं असायचं.

या चाचण्या बसवल्या होत्या दिग्विजयसरांनी. मूळचे पाटणचे, आणि स्वभावानं लय कडक. ऑफिसच्या मालकीण खुद्द विजयमालाताई, पण त्यांचंही काम सरांनी परत पाठवलेलं. "मशीनला नातंगोतं कळत नाही," एवढंच बोलून ते पुन्हा आपल्या कामाला लागत.

"दाब आता मर्जचं बटण," ताई म्हणाल्या. "मी पेढं मागवते. शिराळ्याच्या पोरीनं नाव काढलं बघा!"

क्रांतीचा हात माऊसवर गेला आणि तिथंच थांबला.

ॲप होतं साप चावलेल्या माणसांसाठी. गावाचं नाव टाकलं की सर्पदंशाचं इंजेक्शन असलेला जवळचा दवाखाना दिसायचा. इंजेक्शन संपलेला दवाखाना वगळायचा, एवढं काम क्रांतीकडं होतं. काल ते काही केल्या जमेना. शेवटी अर्धवटच पाठवून, डोळे पुसत ती स्टँडवर गेली होती. आज लालच दिसणार, हे धरूनच ती आली होती.

"ताई, पेढं राहू द्या," ती म्हणाली. "माझं काम अर्धंच झालंय. हे हिरवं कसं होईल?"

"अगं, मशीनपरीस तुला जास्त कळतंय व्हय?"

"हे असंच सोडलं तर साप चावलेला माणूस इंजेक्शन नसलेल्या दवाखान्यात जाऊन पोचंल, ताई."

क्रांतीनं चाचण्या उघडून पाहिल्या. तिच्या कामाची चाचणी काल संध्याकाळी कुणीतरी बंद करून ठेवली होती. मशीननं काही तपासलंच नव्हतं. तपासायला काही नाही म्हटल्यावर त्यानं आपलं हिरवं दाखवून दिलं होतं.

तिनं चाचणी पुन्हा चालू केली. थोड्या वेळात स्क्रीन लालभडक झाली. ते बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"कुणाचा हा आगाऊपणा?" ताई कडाडल्या. "सर, शोधून काढा त्याला. आज त्याची गय करू नका."

दिग्विजयसर खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "मीच बंद केली. काल रडत गेली ती. म्हटलं, पोरीला एकदा तरी हिरवं दिसू दे."