सुट्टीच्या दिवशी उघडी शाळा

“काहून आली वं? आज सुट्टी आहे ना!”

फाटकात मोनाली उभी होती. चौथीतली. छत्री उलटी झालेली, दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि चेहऱ्यावर ओशाळल्याचा मागमूस नाही. सुभद्रा मॅडमनी तिला ओढतच व्हरांड्यात घेतलं आणि टेबलावरच्या कापडानं तिचं डोकं खसाखसा पुसलं.

रात्रभर नागपुरात पाऊस कोसळत होता. रेड अलर्ट आला, पहाटे सुट्टीचा आदेश निघाला, मॅडमनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आणि तरी छत्री घेऊन त्या स्वतः निघाल्याच. मुख्याध्यापक झाल्यापासून पावसाच्या सुट्टीला त्या नंदनवन भागातली ही शाळा उघडून बसायच्या. मेसेज न वाचता कुणी पोर पाठवलंच, तर त्याला बंद फाटक दिसू नये, असं त्या सगळ्यांना सांगत. पुण्याला असलेल्या आपल्या मुलालाही फोनवर तेच सांगत. येणारी मात्र दर वेळी एकच, ही मोनाली.

खरं सांगायचं तर तिचं येणं मॅडमना आवडायचं. दोघी एकाच डब्यातलं जेवायच्या. मोनाली पाढे म्हणायची, कंटाळली की मॅडमचा चष्मा लावून मॅडमनाच रागवायची. यजमान गेल्यापासून मॅडम घरात कधी एवढं हसल्या नव्हत्या.

आज मात्र केंद्रप्रमुखांचा फोन आला. “मॅडम, सुट्टी म्हणजे सुट्टी. तुम्ही शाळा उघडता म्हणून पोरगी येते. येता येता नाल्यात वाहून गेली तर उत्तर कोण देईल?”

मॅडमनी फोन ठेवला. मोनाली नाल्यावरचा पूल ओलांडूनच यायची. आपल्याला सोबत हवी म्हणून लेकराचा जीव टांगणीला! त्यांना स्वतःचीच चीड आली. पुढच्या सुट्टीला फाटकाला कुलूप, त्यांनी ठरवून टाकलं. पोरीनं येऊन पाहावं, परत जावं, आणि पुन्हा यायचं नाव घेऊ नये. आपण घरी बसायचं, भिंतींशी बोलत. ठरवलं खरं, पण मोनालीला भाजी वाढताना त्यांचे डोळे भरून आले.

दुपारी मोनालीची आई, दामिनी, तिला न्यायला आली. घरोघरी पोळ्या करायची ती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. मॅडमनी सगळी चीड तिच्यावर काढली.

“मोबाईल काय शोभेला घेतला आहे? एवढ्या पावसात पोरीला पाठवता! मेसेज वाचायला काय होतं?”

“वाचला होता जी मॅडम,” दामिनी खाली मान घालून म्हणाली. “म्हणूनच तं पाठवली. पूल मीच पार करून दिला. सुट्टी पोराईले राहते, मले नाही. नाल्याचं पानी घरात घुसून राहिलं. मी कामावर गेली असती अन् पोरगी तिथं एकटी राहिली असती.”

मोनाली तोवर आईचा हात धरून उभी राहिली होती.

“अन् मी आलेच नसते तर? फाटक बंद असतं तर?” मॅडमनी विचारलं.

दामिनी पहिल्यांदाच हसली.

“पहिल्या बारीले ही चुकूनच आली होती जी. घरी येऊन मले म्हणे, सुट्टी राहिली तरी मॅडम येतीनच आई, त्याईच्या घरी बी कोणी नाही.”