डबा कोणी नेला

तो डबा घेऊन खोलीत शिरला आणि बायकोला खोकल्याची उबळ आली. डोळे लाल झाले, श्वास कोंडला. "आज रंग आहे ना यात?" तिने कसंबसं विचारलं. डबा रिकामा होता. धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेला.

डब्याची युक्ती डॉक्टरीणबाईंची. बायकोला आधी भिंतीच्या रंगाचा त्रास सुरू झाला, मग साबणाचा, मग अत्तराचा. पडदे गेले, गादी गेली, खोलीत एक लोखंडी खाट तेवढी उरली. तरी खोकला हटेना. "कारण शोधायचं तर तिला न सांगता शोधा," बाई म्हणाल्या होत्या. "डब्याला बारीक भोकं पाडा. कधी आत रंगाची चिंधी ठेवा, कधी साबण, कधी काहीच नको."

आणि आता रिकाम्या डब्यानेही तिचा जीव घुसमटत होता. त्याला रागच आला. लोकांच्या घरांत ढेकणा-झुरळांवर औषध फवारत त्याने उमर घालवली. तिच्यासाठी ते चालतं काम सोडलं, कामाचे कपडे जाळले, आणि दुखणं निघालं तिच्या डोक्यात. बहिणीच्या सोबतीला आलेल्या मेव्हणीपाशी तो तसं बोलूनही गेला.

मेव्हणीने वाद घातला नाही. डब्यात रंगाची ओली चिंधी कोंबली आणि डबा स्वतः आत नेला. बराच वेळ दोघी बहिणींच्या हसण्याचा आवाज येत राहिला. खोकला नाही.

"भावोजी," बाहेर येऊन ती हळूच म्हणाली, "डॉक्टरांना डब्यात काय होतं ते सांगत बसू नका. डबा कोणी नेला ते सांगा."

"काहीतरीच तुझं," तो म्हणाला. पण मन थाऱ्यावर राहिलं नाही. भिंतीला रंग लावला होता तो त्यानेच. साबण आणायचा तोच. अत्तराची बाटलीही त्यानेच हौसेने आणली होती.

दुपारी त्याने नुसत्या पाण्याने आंघोळ केली. दगडाने अंग घासलं, नखं कोरली, पुन्हा आंघोळ केली. बायको झोपली होती. तो अनवाणी, रिकाम्या हातांनी उंबऱ्यापाशी आला. तिचा श्वास संथ चालला होता.

त्याने एक पाऊल आत टाकलं. तिच्या श्वासात बारीक शिट्टी वाजू लागली. पाऊल मागे घेतलं, शिट्टी विरली. पुन्हा आत टाकलं, पुन्हा वाजली. तिचे डोळे मिटलेले होते. गाढ झोपेतल्या माणसाला कोण आलं ते कसं कळावं?

तो उंबऱ्याबाहेर झाला. स्वतःचा तळहात नाकाशी नेला. कसलाच वास नव्हता. फवारलेल्या औषधाचा वास त्याला स्वतःला कधीच आला नव्हता.

थोड्या वेळाने बायकोला जाग आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा टवटवीत दिसत होता.

"अहो, तिथे काय उभे? आज बघा किती मोकळं वाटतंय. या ना, बसा जरा जवळ."

त्याला जायचं होतं. फार जायचं होतं.

"आंघोळ राहिलीये माझी," तो म्हणाला. ओल्या केसांतलं पाणी अजून त्याच्या मानेवरून ओघळत होतं.