न दिसणारा पापुद्रा

प्रयोगशाळेत तिने दुधातली प्रथिनं आणि समुद्री शेवाळ यांचा पारदर्शक पापुद्रा बनवला होता. खाऊ त्यात गुंडाळायचा आणि पापुद्र्यासकट खायचा. त्याच कौतुकात तिने सफरचंदाच्या फोडी गुंडाळून भाचीसाठी नेल्या. भाचीला दुधाचा थेंबही चालत नसे. बहिणीने सवयीने विचारलं, “ताई, यात दूध नाही ना?” “वेडाबाई, नुसतं सफरचंद आहे!” ती म्हणाली. पापुद्रा दिसू नये, जिभेला कळू नये म्हणून झटता झटता तो तिच्याच नजरेआड झाला होता. काही मिनिटांत भाचीचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. बहिणीने पर्समधलं अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन टोचलं आणि दवाखाना गाठला. आता पोरगी खाटेवर शांत पडली होती. डॉक्टरांना पापुद्र्याबद्दल सांगितलेलं तिने ऐकलं होतं. मावशीला दारातून आत पाऊल टाकवेना. भाचीनेच हाक मारली, “मावशी, चुकलं माझं. कागद काढून खायला हवं होतं ना?”