तेविसावं पाकीट

"फरशी हलते डुगूडुगू, झाकण बोलतं खण्णखण,
तीन खड्ड्यांच्या पल्याड बाई, माझ्या आईचं अंगण."

लेकीचा हा आवाज मावशींच्या कानात अठरा वर्षं जसाच्या तसा होता. शाळा सुटली की लेक हे गाणं म्हणत गल्लीत शिरायची आणि शेवटचा शब्द बरोबर फाटकापाशी आणून टेकवायची. आताही, शाळेच्या वर्गात पोरांच्या बुटक्या बाकावर अवघडून बसलेल्या असताना, मावशींना तेच ऐकू येत होतं.

समोर महापालिकेचा इंजिनियर पाकिटं फोडत होता.

गल्लीत घरं तेवीस. रस्ता नव्यानं बांधायचा तर निम्मा खर्च महापालिकेचा, निम्मा घरमालकांचा. ज्याचं घर जितकं रुंद, तितका त्याचा वाटा. अट एकच. होकार सगळ्यांचा हवा. कुणावर दडपण नको म्हणून चिठ्ठ्या बिननावाच्या, बंद पाकिटात.

"बावीस होकार," इंजिनियर म्हणाला. मग त्यानं चष्मा काढला. "एक नकार. तिसरी खेप आहे ही. फाईल परत जाणार. पुढच्या वर्षी बघू."

वर्गातली सगळी डोकी एकाच बाजूला वळली. मागच्या बाकावर सायकलवाला बसला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं घर, घरातच पंक्चरचं दुकान.

"माझ्याकडे काय बघताय?"

"तुझ्याकडे कुठं? तुझ्या दुकानाकडे बघतोय," निवृत्त कंडक्टर म्हणाला. त्याची बायको गेल्या वर्षी गल्लीत पाय मुरगळून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर. "खड्डा असला की ट्यूब फुटते, ट्यूब फुटली की तुझी चूल पेटते. एवढं न कळायला आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

"पोरीच्या गळ्याची शपथ, मी होकार लिहिलाय."

"तिला तरी सोड रे बाबा. तिचा गळा कशाला पंक्चर करतोस?"

लोक हसले.

मावशी उठल्या. "पुरे झालं. भांडून डांबर पडत नाही."

लोक बाकांवरून उठायला लागले. मावशींचा शब्द गल्लीत कुणी मोडत नसे. या रस्त्यासाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या त्या त्यांनीच. रस्त्याचा नकाशा त्यांच्या शिवणयंत्राच्या खणात घडी घालून ठेवलेला असे. रोज सकाळी त्या झाडू घेऊन गल्ली झाडायच्या. कुणी खड्ड्यात विटांचे तुकडे टाकले असतील तर एकेक वेचून बाहेर काढायच्या. "अर्धवट डागडुजी दिसली की ऑफिसवाले फाईल तळाला ढकलतात," म्हणायच्या. एकदा सायकलवाला त्यांच्या फाटकासमोरचा खड्डा बुजवायला घमेलंभर सिमेंट कालवून घेऊन आला होता. त्यालाही त्यांनी परत पाठवलं. "राहू दे रे. अख्खा रस्ताच होणार आहे आता."

बहिष्कार कुणी पुकारला नाही. तो आपसूक झाला. पंक्चर झालेल्या सायकली लोक त्याच्या दारावरून हातानं ढकलत पुढच्या चौकात न्यायला लागले. जाताना घंटाही वाजवायचे, मुद्दाम. त्याच्या पोरीच्या दप्तरावर कुणीतरी खडूनं 'खड्डेवाला' असं लिहिलं. पोरगी शाळेत जाईना. त्याच्या बायकोशी बोलणाऱ्या बायका ती दिसली की बोलणं आवरतं घ्यायच्या.

तीन महिन्यांत त्यानं घर विकलं.

निघायच्या दिवशी टेम्पो सामान भरून उभा होता. बायको आणि पोर पुढं बसून होत्या, मान खाली घालून. सायकलवाला तेलाची बुधली घेऊन मावशींच्या फाटकाशी आला.

"कधीपासून करकरतंय हे. जाता जाता दोन थेंब सोडतो."

"नको." मावशींनी त्याचा हात धरला. "करकरू दे."

तो हसला. "मावशी, अख्ख्या गल्लीत तुम्ही एकट्याच मला कधी वाकडं बोलला नाहीत."

मावशी फाटकाचा गज चाचपत राहिल्या.

"तुमची ताई इथं असती ना, तर तिनंही माझीच बाजू घेतली असती. नुसत्या घंटेवरून सांगायची, कुणाची सायकल आली ते. माझ्या आवाजावरून तिला कळलं असतं, मी खोटं बोलत नाही." तो थांबला. "काही कळलं तिचं?"

"नाही."

अठरा वर्षांपूर्वी याच फाटकातून त्यांनी लेकीला घालवून दिलं होतं. आपल्या मनानं लग्न करते म्हणाली, म्हणून. "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," असं त्या ओरडल्या होत्या. लेक उंबऱ्यावर चपला चाचपत शांतपणे म्हणाली होती, "टाकायचं ठरवलंच ना आई, तर मला वाट विचारावी लागणार नाही."

टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला.

"येतो मावशी. आणि काळजी करू नका," सायकलवाला बुधली पुसत म्हणाला. "नव्या मालकाशी बोललोय मी. तो होकार देणार आहे, तसं कबूल करून घेतलं त्याच्याकडून. पुढच्या खेपेला तेवीसच्या तेवीस. तुमचा रस्ता होणार बघा."

तो वळला. पहिला खड्डा ओलांडून दुसऱ्यापर्यंत गेला.

"नाही होणार," मावशी म्हणाल्या.

तो थबकला.

"तिन्ही खेपांचा नकार माझा होता. माझ्या लेकीला दिसत नाही रे. गल्ली सपाट केली, तर तिच्या पायांना आमचं दार कळणार कसं?"