जिन्याखालचा नागरिक

सासूबाईंनी फडताळातली भांडी खाली काढली आणि सुनेने फळ्यांवर अंथरलेले जुने पेपर ओढायला घेतले. वर्षावर वर्षं चढलेली, थरावर थर. सासरेबुवांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. ही रद्दी तेच तिथून आणत.

"आई, यात बाबांचं नाव आहे," सून म्हणाली.

"त्या नावाची छप्पन्न माणसं असतील."

"आडनावासकट? आणि पुढे लिहिलंय, कुलूप-किल्लीवाले."

सासूबाई हातातलं पातेलं घेऊनच जवळ आल्या. चष्मा जागेवर नव्हता, म्हणून सून मोठ्याने वाचू लागली. बातमी नव्या पुलाची होती. "'पूल झाला हे उत्तमच. आता त्याखाली पाण्याचंही बघावं,' असे ते म्हणाले."

सुनेला हसू फुटलं. सासूबाईंना नाही.

पुढच्या थरात बसभाडं वाढलं होतं. शेवटी सासरेबुवांचं मत. मग ग्रहण लागलं, नगराध्यक्ष बदलले, सर्कशीतलं अस्वल पळालं. दहा वर्षांत गावात काहीही होवो, बातमीच्या शेपटाला नाव हेच. अस्वलाबद्दल तर ते सविस्तर बोलले होते. "'मी त्याला दोष देत नाही. पिंजऱ्याचं कुलूप मी पाहिलंय.'"

"हे बोलले? हे?" सासूबाईंचा विश्वास बसेना. "अगं, भाजीत मीठ नसलं तर हा माणूस बरणीकडे बघत बसतो, पण तोंड उघडत नाही. तुमचं लग्न ठरलं तेव्हा 'बरं' म्हणाले. नातू झाला तेव्हाही 'बरं'."

तळाशी एक रविवारची पुरवणी निघाली. सुखी संसाराचं गुपित काय, असं लोकांना विचारलेलं. सून वाचता वाचता थांबली.

"वाच."

"राहू दे ना, आई."

"वाच म्हणते ना!"

"'नवऱ्याने बायकोशी मनमोकळं बोलत राहावं. त्याहून मोठी किल्ली नाही.'"

पातेलं ओट्यावर असं आदळलं की शेजारच्यांनी खिडकी उघडली. नेमके त्याच वेळी सासरेबुवा जेवायला घरी आले. दारातूनच त्यांना फरशीवर पसरलेले पेपर दिसले, आणि त्यांच्या मधोमध बायको. चप्पल काढावी की नाही, या विचारात ते उंबऱ्यावरच थबकले.

"अहो, हे काय?"

आता सुटका नव्हती. "दुकानाच्या वरच पेपरचं ऑफिस आहे," ते हळूच म्हणाले. "त्यांना लोकांचं मत हवं असतं. जिना उतरला की पहिले लोक म्हणजे मीच."

"आणि घरी आलात की तोंडाला कुलूप?"

सासरेबुवांनी चप्पल काढली. राग नव्हता, कुरबूर नव्हती. हिशेबी माणसासारखं खरं ते सांगून टाकलं.

"ते विचारतात."

आपण यांना शेवटचं काय विचारलं होतं ते सासूबाई आठवत राहिल्या. गॅस सिलिंडर आणलात का? नळ बंद केलात का? मीठ बरोबर आहे का, हे मात्र कधी नाही.

सुनेने गॅस बारीक केला आणि कपडे वाळत घालायचे आहेत असं पुटपुटत ती गॅलरीत सटकली. बादली मात्र न्हाणीघरातच राहिली.

सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं, पदराने पुसलं आणि नवऱ्याला बसायची खूण केली. स्वतः समोर डब्यावर बसल्या.

"बरं, मग सांगा तुमचं मत."

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

सासरेबुवांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, घसा खाकरला.

"छापणार नाहीस ना?"